बहीण म्हणाली, "ही तू नाहीस": एआयने केलेला प्रोफाइल फोटो लावण्याआधी

एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. वय ३८. चिंचवडला एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी होती, मुलाच्या जन्मानंतर सोडली, आता सहा वर्षांनी पुन्हा काम शोधताहेत. लिंक्डइनवर लावायला धड फोटो नाही. जे आहेत ते लग्नकार्यातले, नाहीतर मुलाला कडेवर घेतलेले. म्हणून त्यांनी एका ॲपला १२ सेल्फी दिल्या, पैसे भरले, आणि थोड्या वेळात ब्लेझर घातलेले ४० फोटो हातात आले. नवरा म्हणतो, झकास आलेत, लाव. बहीण म्हणाली, "छान आहे गं, पण ही तू नाहीस." पुढच्या गुरुवारी व्हिडिओवर मुलाखत आहे. हा फोटो लावू की नको, आणि यापेक्षा चांगलं ॲप कुठलं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी नाशिकला २३ वर्षं स्टुडिओ चालवतोय. माझं पोट फोटोवर चालतं, ते ध्यानात ठेवून पुढचं वाचा. पण एआय वाईट असं सांगायला मी बसलेलो नाही. गेली दोन-अडीच वर्षं ही साधनं माझ्या टेबलावर रोज उघडी असतात. मागची भिंत बदलणं, शर्टाची सुरकुती काढणं, चष्म्यावरची चमक घालवणं, अशा ज्या कामांना पूर्वी पाऊण तास जायचा ती आता पाच मिनिटांत होतात. आणि चेहरा थोडा सुधारून देणं आमच्या धंद्यात काही नवीन नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने टचिंग करायचे. भिंगाखाली निगेटिव्ह धरून डोळ्याखालची वर्तुळं, गालावरचे खड्डे भरत बसायचे. त्यांचा एक नियम होता: मुरुम काढायचा, तीळ ठेवायचा. मुरुम आठ दिवसांत जाणार असतो, तीळ त्या माणसाचा असतो. माझ्या स्टुडिओत आजही तोच नियम आहे आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

तुम्ही ॲपचं नाव विचारलंत, पण मला तुमची अडचण वेगळी वाटते. नवऱ्याला जे खटकलं नाही ते बहिणीला का खटकलं? नवऱ्याने बघितलं की फोटो चांगला दिसतोय का. बहिणीने बघितलं की यात माझी बहीण आहे का. मुलाखत घेणारी व्यक्ती तुम्हाला ओळखत नाही, त्यामुळे तिच्या मनात तुमचा चेहरा म्हणून जे बसेल ते या फोटोवरूनच बसेल. गुरुवारी कॅमेरा सुरू झाला आणि समोरचा चेहरा त्याच्याशी जुळला नाही, तर ती काही बोलणार नाही, पण पहिला मिनिटभर तिचं लक्ष तुमच्या बोलण्याऐवजी तुमच्या चेहऱ्यावर राहील. माझ्याकडे गेल्या वर्षी एक मुलगा असाच मुलाखत देऊन आला होता. समोरच्या बाईंनी सहज विचारलं होतं, "हा फोटो तुमचाच ना?" त्या एका वाक्यानंतर त्याला पुढची पंधरा मिनिटं नीट बोलता आलं नव्हतं. ज्ञान होतं, अनुभव होता, पण पायाखालची वाळू सरकली. तुम्ही तर हिशेबाच्या कामासाठी अर्ज करताय. तिथे तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हेच समोरचा माणूस जोखत असतो.

आता ते ॲप नेमकं काय करतं ते बघू, कारण ते कळलं की बहिणीला काय दिसलं तेही कळेल. तुमचे ते ४० फोटो कॅमेऱ्याने काढलेले नाहीत, आणि तुमच्या सेल्फी सुधारून केलेलेही नाहीत. त्या प्रोग्रामने आधी कोट्यवधी चित्रं बघून माणसाचा चेहरा साधारण कसा असतो ते शिकून घेतलेलं असतं. तुमच्या १२ सेल्फींवरून तो एवढंच शिकतो की या बाईंचा चेहरा त्या सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा कुठे कुठे वेगळा आहे. मग पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसल्या ठिपक्यांपासून तो सुरुवात करतो आणि ठिपके टप्प्याटप्प्याने निवळत नेऊन एक नवा चेहरा घडवतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन हे मॉडेल, म्हणजे चित्रं घडवायला असाच शिकवलेला एक प्रोग्राम, सगळ्यांना खुलं झालं. त्याच महिन्यात मोजक्या फोटोंवरून एखादा ठरावीक चेहरा मॉडेलला शिकवायची ड्रीमबूथ नावाची पद्धत गूगलच्या संशोधकांनी मांडली. वर्षअखेरीला लेन्सा ॲपवर सेल्फींवरून बनणाऱ्या "अवतार" चित्रांचं वेड पसरलं, आणि दहा-वीस सेल्फी द्या, नवे फोटो घ्या, हा प्रकार घरोघरी पोचला.

यातली अडचण अशी की तुमच्या सेल्फींमध्ये जी माहिती नाही, ती जागा तो सर्वसाधारण चेहऱ्याने भरतो. आपल्या कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई जरा वर असते, हसताना एका बाजूचा ओठ जास्त उचलला जातो, एक डोळा किंचित बारीक होतो. घरची माणसं आपल्याला लांबून ओळखतात ती अशाच खुणांवरून. प्रोग्रामच्या हातून नेमक्या त्याच खुणा पुसल्या जातात, कारण सरासरीत त्या बसत नाहीत. म्हणून ते फोटो नीटनेटके दिसतात, आणि म्हणूनच बहिणीला त्यात तुम्ही सापडला नाहीत.

त्यात सेल्फीचा दोष वेगळा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्यापासून फूट-दीड फुटावर असतो. इतक्या जवळून जो भाग पुढे आहे तो मोठा येतो, म्हणजे नाक मोठं आणि कान मागे गेलेले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, पाच फुटांवरून काढलं की असा फरक जाणवत नाही. नाकावर शस्त्रक्रिया करून घ्यायला येणारे लोक कारण म्हणून सेल्फी दाखवतात, म्हणून त्यांनी हा अभ्यास केला होता. आता विचार करा, तुम्ही ॲपला दिलेल्या बाराही सेल्फींत नाक असंच फुगलेलं होतं. मग ते एक तर तसंच घेतं, नाहीतर स्वतःच्या अंदाजाने बारीक करतं. दोन्हींत तुमचं नाक येत नाही.

एक गोष्ट जवळून दाखवतो. एका पतसंस्थेत काम करणाऱ्या बाई असाच ॲपवरचा फोटो घेऊन आल्या. संस्थेच्या अहवालात छापायचा होता, "जरा शार्प करून द्या" म्हणाल्या. मी तो मोठ्या स्क्रीनवर उघडून दोनशे टक्क्यांवर नेला. मंगळसूत्राचे काळे मणी मानेच्या उजवीकडून निघाले होते, डावीकडे पोचेपर्यंत त्यांची नुसती सोन्याची साखळी झाली होती. दोन वाट्यांच्या जागी एकच गोल पदक. साडीचा पदर खांद्यावरून ब्लेझरच्या कॉलरमध्ये शिरून तिथेच संपला होता. टिकली बरोबर दोन भुवयांच्या मधोमध बसवलेली, बाई लावतात ती त्याहून बोटभर वर. आणि हनुवटीवरचा गोंदणाचा हिरवा ठिपका गायब. बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो आजीने गोंदवून घेतला होता, त्र्यंबकच्या जत्रेत." सात-आठ दिवस तो फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर होता आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, खुद्द त्यांच्याही. आम्ही तिथेच त्यांना खुर्चीत बसवलं आणि नवा फोटो काढला.

रंगाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मला ते मनापासून लागतं. फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुना फोटो असायचा, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर गोरी बाई असायची. तिचा रंग बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर, असं धरलं जायचं. त्या हिशेबात सावळे चेहरे मातकट यायचे आणि लोकांना वाटायचं आपलाच चेहरा फोटोला चांगला नाही. आज तोच प्रकार नव्या रूपात आलाय. २०२३ मध्ये अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या, आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीने लिंक्डइनसाठी स्वतःचा फोटो प्रोफेशनल करून दे असं एका साधनाला सांगितलं, तर त्याने तिला गोरी कातडी आणि निळे डोळे देऊन टाकले. त्याची बातमी झाली होती. आपल्याकडे निळे डोळे कुणी सहन करणार नाही, पण रंग एक-दोन शेड उजळला तर आपण खूश होतो आणि तिथेच फसतो. मी वापरलेल्या बहुतेक साधनांत "प्रोफेशनल" हा शब्द टाकला की रंग उजळतोच. तुमचे ते फोटो दिवसाच्या उजेडात उघडा आणि मनगटाची आतली बाजू सोडून हाताची वरची बाजू फोनशेजारी धरा, लगेच कळेल. सावळ्या चेहऱ्याला फोटोत हवा असतो तो चांगला प्रकाश. तो मिळाला की कपाळावर, गालाच्या हाडावर जी चकाकी येते ती गोऱ्या चेहऱ्यावर येत नाही, हे मी हजारो चेहरे टिपून सांगतोय.

आता, कशावर काय अवलंबून आहे ते. फोटो कुठे लावणार यावर बरंच ठरतं. सरकारी कागद, परीक्षेचा अर्ज, व्हिसा, बँकेची केवायसी, इथे एआयला हातही लावू देऊ नका. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मासुद्धा चालत नाही, आणि चेहऱ्यात संगणकाने केलेला बदल तर मुळीच नाही. आपल्या पासपोर्टसाठी मोठ्या माणसांचा फोटो तर पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. लिंक्डइनचं धोरण जरा सैल आहे. साधन वापरून फोटो तयार केला किंवा सुधारला तरी चालतो, पण तो तुमच्यासारखा दिसला पाहिजे, नाहीतर ते काढून टाकू शकतात. व्यवसायावरही अवलंबून आहे. गेम डिझाइन करणारा, चित्रकार, लेखक यांनी थोडा रंगवलेला चेहरा लावला तर कुणी हरकत घेत नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, हिशेब सांभाळणारे यांच्या बाबतीत समोरचा माणूस चेहऱ्यावरून भरवसा ठेवतो, तिथे मी फार जपून राहतो.

आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे शेवटी ज्याच्या चेहऱ्याचा फोटो आहे त्याने ठरवायचं. माझ्याकडे एक मुलगी आली होती, ओठाच्या कडेला आणि पापणीवर कोडाचे पांढरे डाग. कुठल्याशा ॲपने ते न विचारताच पुसले होते. तिने मला विचारलं, "काका, तुम्ही काय कराल?" मी दोन्ही करून दाखवले आणि दोन्ही तिच्या हातात दिले. तिने डागांसकट असलेला घेतला, कारण ऑफिसात रोज हाच चेहरा घेऊन जायचंय, म्हणाली. तिने दुसरा घेतला असता तरी मी मुकाट्याने दिला असता. माझा राग त्या पुसण्यावर नव्हता, न विचारता पुसण्यावर होता.

तर मग तुम्ही काय करावं? माझा सल्ला: आधी कॅमेऱ्याने काढलेला एक खरा, चांगला फोटो मिळवा, आणि मग त्यावर एआयला चेहरा सोडून बाकीचं काम द्या. जवळ बरा स्टुडिओ असेल तर जा, पासपोर्टचा नको, प्रोफाइलचा हवाय असं स्पष्ट सांगा आणि किमान वीस-पंचवीस क्लिक मागा. स्टुडिओत जायचं नसेल तर घरीसुद्धा उत्तम होतो. तुमच्याकडे खिडकी आहे आणि बहीण आहे, एवढं पुरतं.

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, जिथून थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी निवडा. उत्तरेची असेल तर सोन्याहून पिवळं. घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूबलाइटचा निळसर आणि खिडकीचा उजेड एकत्र झाला की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा येतो, मग कितीही फिल्टर लावा. खिडकीपासून तीन-चार फुटांवर स्टुलावर बसा, पण खिडकीकडे सरळ तोंड करू नका. खिडकी तुमच्या एका खांद्याच्या पुढे तिरकी राहील असं बसा. दुसऱ्या गालावर सावली गडद पडेल. त्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, नसेल तर धुतलेली पांढरी चादर खुर्चीच्या पाठीवर टाका. उजेड परत येऊन सावली मऊ होते. आम्ही स्टुडिओत हजारोंचे दिवे लावून शेवटी थर्माकोलच वापरतो. मागची भिंत तुमच्या पाठीपासून चार फूट लांब असू द्या, म्हणजे तुमची सावली तिच्यावर पडणार नाही.

फोन बहिणीच्या हातात द्या. सेल्फीचा कॅमेरा नाही, मागचा. आधी त्याची काच रुमालाने पुसा, ती नेहमी तेलकट असते. बहिणीने पाच-सहा फुटांवर उभं राहायचं आणि २x वर घ्यायचं. जवळ येऊन चेहरा मोठा करायचा नाही, लांब राहून झूम करायचा. फोन तुमच्या डोळ्यांच्या पातळीत हवा. हात थरथरत असेल तर टेबलावर स्टीलचे डबे रचून त्यावर टेकवा. फोनमधला सौंदर्य वाढवणारा फिल्टर बंद करा. काही फोनांत तो आधीपासूनच सुरू असतो आणि मग एआयच्याही आधी फोनच तीळ खाऊन टाकतो. कपाळावर, नाकावर तेल चमकत असेल तर टिश्यूने नुसतं टिपून घ्या, पावडर थापू नका. एकरंगी कपडा घाला. बारीक चौकड्यांचा किंवा बारीक रेघांचा कपडा छोट्या फोटोत लहरी आल्यासारखा दिसतो. कुर्ता, साडी, शर्ट, जे घालून तुम्ही खरंच ऑफिसला जाल ते. ब्लेझर कधी घालत नसाल तर फोटोत कशाला?

आणि महत्त्वाचं म्हणजे "हस" म्हणून कुणी हसत नाही. बहिणीला तुमच्याशी बोलायला सांगा. जुन्या नोकरीतलं काहीतरी विचारू दे: ऑडिटच्या वेळी रात्री किती वाजायचे, पहिल्या पगाराचं काय केलंस. तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडाल त्याच्या अर्धा क्षण आधी डोळ्यांत जे येतं, ते मला हवं असतं. चाळीस-पन्नास क्लिक होऊ द्या. त्यातले दोन किंवा तीन चांगले निघतील, माझ्याही हातून तेवढेच निघतात. फोटो बहिणीच्या फोनवरून घेताना व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवू नका, तो बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बारीक झालेला फोटो एआयला दिला की हरवलेले बारकावे तो मनाने भरतो, आणि आपण पुन्हा पहिल्याच जागी येतो.

आता एआयकडे वळू. दोन तऱ्हेची साधनं आहेत आणि त्यांच्यातला फरक फार थोड्या लोकांना माहीत असतो. एका तऱ्हेत तुम्ही बोटाने किंवा माउसने जागा निवडता आणि फक्त तेवढीच जागा बदलते. बाकीच्या फोटोला धक्का लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेत तुम्ही फोटो देऊन वाक्यात सांगता, "मागे साधी राखाडी भिंत कर", आणि ते साधन अख्खा फोटो पुन्हा नव्याने बनवतं, चेहऱ्यासकट. तुम्ही चेहरा बदलू नको म्हटलं तरी तो केसभर बदलतोच. म्हणून जमेल तिथे पहिली तऱ्हा वापरा. दुसरीच वापरायची झाली तर सांगताना स्पष्ट सांगा: चेहरा, त्वचेचा रंग, केस, चष्मा, टिकली, दागिने जसे आहेत तसेच ठेव, फक्त मागची भिंत बदल. एका वेळी एकच काम द्या. भिंत झाली की पुढचं. "प्रोफेशनल कर", "सुंदर कर" असलं मोघम काही लिहू नका, कारण त्या शब्दांचा अर्थ तुमच्या मनात एक असतो आणि त्याने शिकलेला वेगळाच. मी करून घेतो ती कामं मोजकी आहेत: भिंत साधी करणं, उजेड थोडा वर-खाली, खांद्यावर आलेला सुटा केस, कपड्याची सुरकुती, आणि हो, मुरुम.

झाल्यावर एक तपासणी करा, ती मी प्रत्येक फोटोला करतो. मूळ फोटो आणि नवा फोटो गॅलरीत एकापाठोपाठ ठेवा, सारख्याच आकारात, आणि बोटाने भराभर पुढे-मागे करा. नुसती भिंत बदलली असेल तर चेहरा जागच्या जागी स्थिर राहील. डोळे हलल्यासारखे वाटले, ओठ श्वास घेतल्यासारखा झाला, तर समजा चेहऱ्याला हात लागलाय. तो टाकून द्या. मग कानातले दोन्हीकडे सारखे आहेत का, चष्म्याची काडी कानापर्यंत पोचते का, दात जेवढे असतात तेवढेच आहेत का, मंगळसूत्र दोन्हीकडून सलग आहे का ते बघा. शेवटी ज्याने तुम्हाला सहा महिन्यांत पाहिलंय अशा माणसाला न सांगता दाखवा. तो "अरे, कधी काढलास?" म्हणाला तर फोटो पास. "कुठल्या ॲपवर केलास?" म्हणाला तर नापास.

कुणाला कळणार नाही असंही धरून चालू नका. गूगलच्या जेमिनीने केलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्याला न दिसणारी खूण असते. फोटो कशाने बनवला याची माहिती फाईलमध्येच असेल तर लिंक्डइनवरही २०२४ पासून तशी खूण दिसू शकते. आकाराचं म्हणाल तर लिंक्डइनला किमान ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात आणि फोटो गोलात कापला जातो, म्हणून चेहऱ्याने निम्म्याहून जास्त जागा घेतलेली असली तरी डोक्यावर थोडी मोकळी जागा ठेवा.

तुम्ही त्या ॲपला बारा सेल्फी दिल्यात, तर आजच एक काम करा. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आणि तयार केलेलं मॉडेल काढून टाकायची सोय शोधा, ती वापरा, आणि मगच खातं बंद करा. नुसतं ॲप फोनमधून उडवलं तर फोटो त्यांच्याकडे राहतात. सोय सापडली नाही तर ईमेल पाठवून मागणी करा. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. दिलेली संमती मागे घेऊन माहिती पुसून मागायचा हक्क त्यात आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जेमिनीवर केलेल्या साडीतल्या फोटोंची लाट आली तेव्हा त्या साधनाच्या नावाने निघालेल्या नकली साईट्सपासून सावध राहा असं पोलीस अधिकाऱ्यांनाही सांगावं लागलं होतं. तुमच्या सेल्फींत मुलगा कुठे मागे दिसत असेल तर ती तर आधी काढा.

थोडक्यात पुन्हा सांगतो. ते ४० फोटो लावू नका, निदान मुलाखतीआधी तरी नाही. त्यातला एखादा बहिणीलाही तुमचाच वाटला असता तर मी इतका अडून बसलो नसतो, कारण क्वचित एखादा जमूनही जातो. पण ज्या बहिणीने तुम्हाला लहानपणापासून पाहिलंय तिने एका नजरेत सांगितलं, त्याच्यापुढे मी काय सांगणार? ॲप बदलून फरक पडणार नाही, मूळ फोटो बदला.

तुमच्याकडे रविवार मोकळा असेल तर सकाळीच बहिणीला बोलावून घ्या. फोटो सोमवारी चढवा, म्हणजे मुलाखतीच्या आधी मुलाखत घेणाऱ्यांच्या डोळ्यांखालून जाईल. गुरुवारी त्याच खिडकीपाशी बसा, उजेड समोरून येऊ द्या, लॅपटॉप डब्यांवर ठेवून डोळ्यांच्या पातळीत आणा. फोटोत जो चष्मा आहे तोच घाला, टिकली रोज लावता तिथेच लावा. आणि मुलाखत कशी झाली ते जमलं तर कळवा.